रहोबोथचं पहिलं अक्षर

मावशी, काल शनिवार होता आणि मी हातोडा उचलला नाही. तुम्ही गेल्यापासूनचा हा पाचवा शनिवार. पहिल्या शनिवारी मनात आलं होतं, आता कोण बघतंय? छिन्नी हातात घेतलीसुद्धा. मग वर बाल्कनीकडं नजर गेली. तिथं तुमची वेताची खुर्ची तशीच होती. छिन्नी परत डब्यात टाकली.

आज रविवार. आज ठोकाठोक चालते. पण आज दगड बाजूला सारून कागद घेऊन बसलोय. मंडळाच्या अंकात तुमच्याविषयी चार जणांनी लिहायचं ठरलंय. तुमच्या दिल्लीच्या मंत्रालयातल्या मैत्रिणी तुमची नोकरी लिहितील, प्रमोशनं लिहितील, कुठल्या साहेबाला तुम्ही फाईल कशी परत पाठवलीत ते लिहितील. मला त्यातलं काही माहीत नाही. मला तुमचं गेट माहीत आहे. अकरा वर्षं मी फरीदाबादला तुमच्या गेटाच्या आत, पोर्चमध्ये, लोकांच्या नावाच्या पाट्या कोरत बसलोय. तेव्हा मी गेटाचं लिहितो. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचा कागद आहे, लाल पेन घेऊन बसू नका.

आधी ती पाटी.

गेटाच्या उजव्या खांबावर पांढऱ्या मकराण्याची, म्हणजे संगमरवराची, हातभर पाटी आहे. वर मराठीत 'रहोबोथ', खाली तेच नाव हिब्रूत. वरची ओळ झकास. खालच्या ओळीत पाच अक्षरं आहेत. डावीकडची चार हातपाय पसरून बसलेली आणि उजवीकडचं एक काठाशी चेंगरलेलं. आल्यागेल्याला ते कळत नाही. फरीदाबादेत हिब्रू वाचणारं आहे कोण? पण मला रोज दिसतं. सकाळी गेट उघडताना पहिल्यांदा तेच दिसतं. आणि हिब्रू उजवीकडून वाचतात, त्यामुळं ते चेंगरलेलं अक्षर शेवटचं नाही, नावाचं पहिलं अक्षर आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी मार्केटच्या कोपऱ्यावर बसायचो. तुम्ही ऑटोतून उतरलात आणि विचारलंत, “पत्थर पे नाम लिखते हो?” मी हो म्हणेपर्यंत माझा फोन वाजला आणि मी म्हणालो, “जेवलो गं आई, जेवलो.” तुमचा चेहराच बदलला.

“अरे, मराठी! कुठला रे?”

“तुळजापूरच्या पलीकडचा. हणमंत.”

“आणि हे काम?”

“घरचंच. बाप पाटे-वरवंटे करायचा. मी ठेकेदाराबरोबर आलो, बिल्डिंगला दगड लावायला. बिल्डिंग संपली, ठेकेदार गेला, मी राहिलो.”

“मी अलिबागकडची. रिबका. बेने इस्राएल आम्ही, यहुदी. ठाऊक आहे?”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. तुम्हाला कळलं. रस्त्यावर उभ्या उभ्या तुम्ही सांगायला लागलात, की तुमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, वाचले ते तिथंच राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. “सांगते कारण इथं दिल्लीत चाळीस वर्षं मला लोक साउथ इंडियन समजतात,” म्हणालात, आणि पर्समधून कागद काढलात. कागदावर ते नाव.

“हे गाव कुठलं, मावशी?”

“गाव नाही रे. विहीर.”

मग ती गोष्ट. नंतर मी ती तुमच्याकडून पन्नासदा ऐकली असेल, पण पहिल्यांदा ऐकली ती फुटपाथवर, अंगावर दगडाची पांढरी भुकटी घेऊन. इसहाक नावाचा माणूस, अब्राहामचा मुलगा. दुष्काळात परक्या मुलखात, गरारला जाऊन राहिला. पीक चांगलं आलं, गुरं वाढली, तसे तिथले लोक जळायला लागले. त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी त्यांनी मातीनं बुजवून टाकल्या. राजा म्हणाला, बाबा रे, तू आता जा इथून. हा खाली खोऱ्यात गेला. माणसं लावून विहीर खणली, जिवंत झरा लागला. लगेच तिथले गुराखी हजर, पाणी आमचं! यानं त्या विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण, आणि पुढं गेला. दुसरी खणली. तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सिटना, म्हणजे वैर. पुन्हा उठला. तिसरी खणली. तिथं भांडायला कुणी आलं नाही. तिचं नाव रहोबोथ.

“म्हणजे ऐसपैस जागा,” तुम्ही हात दोन्हीकडं पसरून दाखवलात. मागून येणारी सायकल थांबली. “देवानं आता आपल्याला जागा करून दिली, असं तो म्हणाला. रुंद, मोकळं, असा अर्थ आहे त्या शब्दाच्या मुळात. आता इस्राएलात रस्त्याला जो शब्द आहे, तोही त्याच मुळातला.”

“पण भांडणाला कशाला नाव द्यायचं? विसरून जायचं.”

“आपण विसरतो? पानिपत झालं म्हणतो की नाही आपण? इथून अडीच-तीन तासांवर आहे, हायवेनं जा, चादरी घेऊन ये. पण मराठी माणसाला तिथल्या चादरी नाही आठवत, काय झालं ते आठवतं. तसंच ते. काय झालं ते गावाच्या नावात ठेवून द्यायचं आणि आपण पुढं निघायचं.”

मग तुम्ही तुमचं सांगितलंत. तुमचं एसेक करोल बागेत झालं, भाड्याच्या खोलीत, रोज सकाळी पाण्याच्या मोटरवरून. तुमचं सिटना सरकारी क्वार्टरमध्ये. तिथली शेजारीण तीन वर्षं तुमच्याशी बोलली नाही, का ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर इथं प्लॉट घेतलात, बोअर मारली आणि पहिल्याच फटक्यात गोड पाणी लागलं. तुमचे मिस्टर, काका, चिखलात उभे राहून ओरडले, “रिबका, रहोबोथ!”

“आता ते नाहीत,” म्हणालात. “घर आहे, पाणी आहे. पाटी तेवढी राहून गेली.”

मी नावाचा कागद घडी करून खिशात टाकला. पण मावशी, तुम्ही ज्या फुटपाथवर उभ्या होतात ते माझं सिटना होतं. त्याआधी चौकात बसायचो, तिथल्या जुन्या पाटीवाल्यानं माझे खाके, अक्षरांचे कागदावरचे आराखडे, फाडले होते. “ये गाहक हमारे हैं.” म्हणजे एसेक होऊन गेलं होतं. आणि या कोपऱ्यावरचे दुकानदार रोज तिरके बघत होते. तुमची गोष्ट ऐकताना मला वाटलं, ही बाई माझंच सांगतेय, हिला कुणी सांगितलं?

त्या वाटण्यानंच घात केला. देवनागरीचा खाका मी आधी कागदावर काढतो, तीनदा मोजतो. ही अक्षरं मला चित्रांसारखी वाटली. चित्राला काय मोजायचं, म्हणून थेट दगडावर घेतली. सवयीप्रमाणं डावीकडून सुरुवात केली. ऐसपैस जागा असा अर्थ आहे तर अक्षरंही ऐसपैस काढू, असं हातानं घेतलं. चार झाली आणि पाचव्याला उजवीकडं दोन बोटं जागा उरली.

पाटी घेऊन तुमच्या दारात आलो. “मावशी, चुकलंय. दुसरी करून देतो. याच आठवड्यात देतो.”

तुम्ही चष्मा लावलात. उजवीकडून बोट ठेवलंत. आणि हसायला लागलात ते पायरीवर बसून हसलात.

“अरे, ऐसपैस लिही म्हटलं आणि पहिल्याच अक्षराला सकाळच्या मेट्रोत चढवलंस!”

“दुसरी करतो ना.”

“नको. हीच लाव. बरोबर आहे ही.”

“बरोबर कशी, मावशी?”

“पहिल्याला जागा मिळाली नाही, मागून आलेल्यांना मिळाली. इसहाकाचं तेच झालं. आमचं तेच झालं. लाव, लाव. वर सिमेंट नीट घाल.”

त्या दिवशी तुम्ही एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे तुमच्या एलिया संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा केलात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर केळ्याचे काप. मी म्हणालो, आमच्या सत्यनारायणाच्या प्रसादासारखंच लागतं. तुम्ही म्हणालात, “त्याच्यापेक्षा खोबरं जास्त आहे, नीट खा.”

आठच दिवसांनी सकाळी कोपऱ्यावर गेलो तर माझ्या जागेवर ट्रॉलीभर मलबा ओतलेला. विटा, प्लास्टर, फुटका कमोड. माझी हत्यारं त्याखाली. मी हातानं उपसत होतो आणि तुम्ही भाजीची पिशवी घेऊन तिथून निघालात. मलब्याकडं बघितलंत आणि म्हणालात, “बुजवली का विहीर? चल. आमच्या पोर्चमध्ये गाडी नाही, स्कूटर नाही. काकांच्या स्कूटरचा डाग तेवढा आहे.”

“भाडं काय, मावशी?”

“शनिवार.”

मला कळलं नाही. तुम्ही म्हणालात, शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी बुडेपर्यंत माझ्या गेटात हातोडा वाजायचा नाही, हे भाडं. फरीदाबादेत लोक शनिवारी, रविवारी पाट्या घ्यायला येतात. म्हणजे निम्मं गिऱ्हाईक बुडणार. पण बसलो. आणि लोकांना मी काय सांगणार? एक चौधरी आला होता, आठवतं? “शनिवार ने क्यूं बंद रक्खै सै?” मी म्हणालो, मालकिन का नियम है. त्यानं वर बाल्कनीकडं बघून हात जोडले. “शनि महाराज की भगत होंगी.” पुढच्या शनिवारी तो तुमच्यासाठी काळे तीळ आणि तेलाची बाटली घेऊन आला. तुम्ही बाटली ठेवून घेतलीत. “शनवार तेलीणीला तेल आणून दिलं रे यानं,” असं म्हणत आठवडाभर हसत होतात.

आज सांगतो, या अख्ख्या गावात शनिवारी सुट्टी असलेला पाथरवट मी एकटा आहे, आणि ते मी मान वर करून सांगतो.

तुमच्या समाजाची दिल्लीत थोडीच घरं. कुणी गेलं की कबरीवरच्या दगडासाठी लांब जावं लागायचं. तुम्ही एकाला सांगितलंत, “आमच्या गेटात करतो एकजण.” मी घाबरून नाही म्हणालो. जिवंत माणसाच्या पाटीत चूक झाली तर ती बदलता येते, तो येऊन भांडतो तरी. मेलेला कसा भांडणार? तुम्ही मला अलेफ-बेथ शिकवलंत, म्हणजे हिब्रूची मुळाक्षरं. पोर्चच्या फरशीवर खडूनं, उजवीकडून डावीकडं. प्रत्येक दगड बाहेर जायच्या आधी तुम्ही खाली यायचात. चष्मा, मग बोट, उजवीकडून एकेका अक्षरावर. मग बोटाच्या सांध्यानं दगडावर दोनदा टकटक. “अप्रूव्ड.” कधी काही खटकलं तर टकटक नाही. “कृपया चर्चा करावी,” एवढंच म्हणायचात आणि वर जायचात. मी दिवसभर शोधायचो कुठं चुकलंय. बहुतेक वेळा अक्षर बरोबर असायचं, कडेची जागा कमी असायची. “भरून टाकू नकोस रे, हणमंता. दगड म्हणजे पोतं नव्हे. खाली थोडी जागा सोड. वाचणाऱ्यालाही श्वास घ्यायला लागतो.”

माझं उलट. मला वाटायचं, कोरा दगड दिला तर लोक म्हणतील, काम कमी केलं. मला सगळ्याचीच काळजी. दगड तडकेल, नाव चुकेल, आईचा फोन आला नाही तर तिला काही झालं असेल, तुमचा आला तर तुम्हाला. तुम्ही मला काळजीवाहू सरकार म्हणायचात. गेटातून आत येताना, “काय, काळजीवाहू सरकार, आज कशाची?”

सगळ्यात मोठी काळजी कशाची होती, तुम्हाला माहीत होतं. नओमीताई तुमची एकुलती एक लेक, तिकडं इस्राएलला. राहतात त्या शहराचं नावही रहोबोथच, त्या रेहोवोत म्हणतात. “पण ती विहीर तिथं नाही,” तुम्ही सांगायचात, “ती खाली वाळवंटाकडं कुठंतरी होती म्हणतात. शहर वसवणाऱ्यांनी नाव तेवढं उचललं.” दर वर्षी ताई म्हणायच्या, आई, आता इकडं ये. दर वर्षी मी मनात हिशेब मांडायचो. तुम्ही गेलात तर घर जाईल, घर गेलं तर पोर्च जाईल. चौथी विहीर खणायचं बळ माझ्यात नव्हतं.

एकदा मी बोललोच. तुम्ही म्हणालात, “इसहाक रहोबोथला राहिला का?”

“राहिला असणार. जागा मिळाल्यावर कोण उठतं?”

तुम्ही तुमच्या आजीचं जुनं मराठी धर्मपुस्तक आणलंत, पानं सुटलेलं, आणि माझ्या हातात दिलंत. पुढची ओळ वाच म्हणालात. मी वाचली. इसहाक पुढच्याच ओळीत तिथून उठून बैरशेबाला गेलेला.

मला राग आला, मावशी. खरंच आला. एवढं भांडून, एवढं खणून जागा मिळाली, तिला नाव दिलं, आणि हा चालला!

“मग नाव कशाला दिलं त्यानं?”

“मागं राहिलेल्यांसाठी पाणी होतं ना तिथं. आणि उठवलं म्हणून नाही उठला या वेळी. स्वतःहून उठला. दोन्हींत फरक आहे.”

“मग तुम्ही का नाही जात लेकीकडं?”

तुम्ही पुस्तक मिटलंत. पायानं स्कूटरच्या डागावरची दगडाची भुकटी बाजूला सारलीत. मग म्हणालात, “चहा ठेव.”

हे भांडण तसंच राहिलं. तुमचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. चहा मात्र चांगला झाला होता.

दुसरं भांडण पाटीचं. दर दिवाळीला मी म्हणायचो, या वेळी बदलू द्या, आता मला अक्षरं येतात. तुम्ही म्हणायचात, “पाटीला हात लावलास तर बघ.” शेवटी तुम्हाला हॉस्पिटलला नेताना टॅक्सीत बसवलं, तेव्हाही काच खाली करून तुम्ही म्हणालात, “गेट नीट लाव. आणि पाटी...”

“पाटीला हात लावत नाही, मावशी.”

“शहाणा.”

तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो. नवी पाटी तयार होती. गेल्या वर्षीच केली. तसाच मकराणा, पाचही अक्षरं सारखी, उजवीकडून मोजून घेतलेली. माझ्या कामाच्या फळीखाली, पोत्यात गुंडाळून. तुम्ही कधी गावी गेलात तर गुपचूप बदलू, आल्यावर बघू काय होतं ते, असा बेत होता. पण चार दिवसांत तुम्ही ज्या गावाला गेलात, तिथून कुणी परत येत नाही.

नओमीताई आल्या. तुमच्या मातीला पोचल्या नाहीत, त्याचं त्यांना फार लागलंय. म्हणाल्या, तिकडं महिन्याच्या आत दगड बसवतात, मी दगड बसवूनच जाईन. हणमंतदादा, तुम्हीच करा.

मी तीन दिवस दगडाला हात लावला नाही. काळा ग्रॅनाइट आणून पोर्चमध्ये टेकवून ठेवला होता. येता-जाता त्याच्याकडं बघायचो नाही. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय माझा एकही हिब्रू दगड या गेटाबाहेर पडलेला नाही. आणि तसा पडणारा पहिला दगड तुमचाच. चुकलं तर कुणाला विचारू? चुकलं तर तुम्ही हसाल हे कशावरून?

चौथ्या दिवशी ताईंनी तुमचं नाव कागदावर लिहून आणलं. मराठीत रिबका, खाली हिब्रूत. मी उजवीकडून बोट ठेवलं, तुमच्यासारखं. आणि बोट तिथंच राहिलं.

पहिलं अक्षर तेच होतं. रेश. गेटावरच्या पाटीत काठाशी चेंगरलेलं ते.

अकरा वर्षं, मावशी. दुसऱ्यांच्या दगडांवर ते अक्षर मी कितीदा कोरलं. तुमचं नाव हिब्रूत लिहायची वेळ आली नाही म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. पण तुम्हाला त्या दिवशी, पायरीवर, बोट ठेवल्याबरोबर कळलं असणार. मी तुमचंच अक्षर तुमच्याच दारात चेंगरून टाकलं होतं आणि तुम्ही हसलात, मला मलिदा खायला घातलात, आणि आठव्या दिवशी जागा दिलीत. अकरा वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. पहिल्याला जागा मिळाली नाही, मागून आलेल्यांना मिळाली, म्हणालात. मला वाटलं, इसहाकाचं चाललंय.

ताई म्हणाल्या, “दादा, काही चुकलंय का लिहिण्यात?” मी म्हणालो, नाही ताई, धूळ गेली डोळ्यात. पाथरवटाला हे बोलायची सोय आहे.

मग मी कामाला लागलो. उजवीकडून. रेशपासून. एकदाच मोजलं. पहिल्या अक्षराला जेवढी जागा दिली तेवढी मी आयुष्यात कुठल्या अक्षराला दिली नसेल. एकदाही काळजी वाटली नाही. मला माझंच नवल वाटत होतं. टेम्पो आला तेव्हा दगड पोर्चमध्ये उभा होता आणि मी तसाच थांबलो. टेम्पोवाला म्हणाला, “उस्ताद, चलें? किसी का इंतज़ार है?” टकटक झाली नव्हती. मी स्वतः करून बघावी असंही मनात आलं. पण तो हक्क तुमचा. तुमचा दगड अप्रूव्ड न होताच गेला, मावशी. माझा असा तो पहिलाच.

गेल्या गुरुवारी बसवला. सिनेगॉगच्या आवारातल्या त्या छोट्या कब्रस्तानात, जिथं माझ्या हातचे सात दगड आधीच उभे आहेत. तुमच्यातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, दगडापुढं वाकले आणि उजवीकडून बोट ठेवत गेले. माझा जीव त्या बोटात. शेवटच्या अक्षरापर्यंत गेले. मग वळून विचारलं, “किसने काटा?”

“मैंने जी.”

“कहाँ तक पढ़े हो?”

“छठी तक.”

ते पुन्हा दगडाकडं बघायला लागले. “छठी में ये नहीं पढ़ाते,” म्हणाले. “किसने सिखाया?”

मी तुमच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी टोपी नीट केली आणि मला शेजारी उभं राहायला जागा दिली. पुढं प्रार्थना झाली ती मी तिथं उभं राहून ऐकली, घरच्या माणसांच्या ओळीत. मावशी, माझ्या बापानं जन्मभर दगड फोडला, त्याला कुणी असं शेजारी उभं केलं नव्हतं. मी संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांग. सांगतोय.

घराचं पुढं काय, ते नओमीताईंनी अजून ठरवलेलं नाही. मी विचारलंही नाही. हे वाचून तुम्ही नक्की म्हणाल, काळजीवाहू सरकार पडलं वाटतं! पडलेलं नाही, पण थोडं सैल झालंय. उठायची वेळ आली तर उठेन, छिन्नी-हातोडा घेऊन. माझ्या मागं कुणी पाटी घ्यायला आलं तर गेटाच्या नळाला गोड पाणी आहे. गेटावरची पाटी तीच राहील, चेंगरलेल्या अक्षराची. ताईही तेच म्हणाल्या. नवी पाटी मी फळीखालून काढली. उलटी टाकून तिच्या पाठीवर आता छिन्नीला धार लावतो. चांगली धार लागते.

एक राहिलं. प्रार्थना झाल्यावर सगळे पांगले आणि ताई दगडासमोर उकिडव्या बसल्या. तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव, दोन्ही लिप्यांत, आणि त्याखाली चांगली दीड वीत काळा दगड, गुळगुळीत, कोरा. त्यांनी त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला.

“दादा, इथं खाली काही राहिलं का?”

“नाही, ताई,” मी म्हणालो. “राहिलं नाही. सोडलंय.”